काम नसताना देवळात

देवाला भिणारी माणसं मी रोज पाहतो, देवाला शिव्या घालणारीही बरीच पाहिली. पण देवाची कीव करणारा माणूस माझ्या माहितीत एकच आहे. ते माझ्या बहिणीचे थोरले दीर. महाडच्या एमआयडीसीत, रसायनांच्या एका कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर होते आणि देवाबद्दलची त्यांची सगळी मतं त्या नोकरीतून आलेली आहेत. इतक्या वर्षांत आपल्या केबिनमध्ये कोणी नुसतं चहा प्यायला आलं नाही, हे त्यांचं जुनं दुःख. पाइप गळला, कोणाच्या डोळ्यांत वाफ गेली, की अख्खा कारखाना त्यांच्या नावाने ओरडत यायचा. गळती थांबली की त्याच दुपारी लोक हेल्मेट उलटं धरून त्यातून भजी खायचे. अपघात झाला तर ‘हा काय करत होता?’ आणि नाही झाला तर ‘हा करतो तरी काय?’ यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की देवाची पोस्टही नेमकी हीच आहे. ‘जगातलं वाईट उद्या बंद झालं, तर परवा देवळांना कुलपं लागतील,’ ते म्हणत. ‘त्या बिचाऱ्याला हे पक्कं माहीत आहे. म्हणून तो थोडं थोडं चालू ठेवतो. मलाही सुचलं होतं, पण नियमात बसत नव्हतं.’ मी तालुक्याचा बातमीदार असल्यामुळे या व्यवस्थेत त्यांनी मलाही जागा दिली होती. ‘आज घाटात एकही गाडी पडली नाही, अशी बातमी छापता का कधी?’ छापत नाही, एवढं मला मान्य करावं लागलं. ‘मग झालं. देव, तुम्ही आणि मी. तिघांचंही दुकान एकाच मालावर.’

एवढं ऐकून कोणालाही वाटेल की गृहस्थ नास्तिक असणार. तसं असतं तर नातेवाइकांना सोपं गेलं असतं. हे पक्के श्रद्धाळू. कारखान्याने आपल्याशी जे केलं ते आपण देवाशी करायचं नाही, असा त्यांचा निश्चय होता, म्हणजे कामासाठी देवळात पाऊल टाकायचं नाही. सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं की महाडमधल्या सगळ्या देवांना अचानक माणसं भेटायला जातात. हे त्या काळात घरी बसत. ‘गर्दीची वेळ आहे, साहेब कामात असतील,’ म्हणत. पाणी ओसरलं, दुकानदारांनी चिखल उपसला, देवळं पुन्हा ओस पडली, की हे धुतलेला सदरा घालून निघत आणि गाभाऱ्यासमोर शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलत. ‘पाणी उतरलं. रस्ता सुरू झाला. पापलेट महाग आहे. बरं, येतो.’ नारळ नाही, फूल नाही. कारखान्यात नवा साहेब आला की त्याला डबा नेऊन देणारे लोक त्यांना आवडत नसत.

स्वतःपुरतं हे ठीक होतं, पण सेफ्टी ऑफिसरला दुसऱ्याला अडवल्याशिवाय चैन पडत नाही. एकदा त्यांच्या मूळ गावी, वाडीवरच्या देवळात मुंबईहून आलेला एक तरुण नवसाचं तोरण घेऊन पायऱ्या चढत होता. यांनी त्याला गेटवरच्या वॉचमनसारखं विचारलं, ‘काय काम?’

‘नवस फेडायचाय काका. फ्लॅटचं काम झालं ना.’

‘नसतं झालं तर आला असतास?’

‘काका, टेन्शन नका देऊ ना. ट्रॅव्हल्स पकडायची हाय.’

महाडजवळच्या सव गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर लोक खरूज आणि सांधेदुखी घेऊन जातात. हे अंगावर एक पुरळ नसताना गेले आणि तिथे रांगेतल्या प्रत्येकाला ‘मी ठणठणीत आहे’ असं सांगत राहिले. लोकांनी त्यांना पुढे जाऊ दिलं. रोग फारच वाईट असावा, असा रांगेचा समज झाला. या तत्त्वनिष्ठेची भरपाई घरात त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, गुपचूप करत. नवऱ्याची बढती, मुलाची नोकरी, मुलीचं लग्न, सगळ्याला नवस त्यांनीच बोललेले होते. दिरांना आजही वाटतं की ती बढती सीनियॉरिटीने मिळाली.

खरी पंचाईत निवृत्तीनंतर झाली. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरावर त्यांची वाडी आहे. शिमग्यात सोमजाईची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर बसली, की गावाच्या वतीने देवीला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे. वडील गेले, मान यांच्याकडे आला. गाऱ्हाण्याची रीत साधी आहे. घालणाऱ्याने साप, वाघरू, ताप, दरड, मुंबईला गेलेल्या पोरांची नोकरी, असं एकेक संकट मोठ्याने देवीच्या कानावर घालायचं, त्यातून राखण माग म्हणायचं आणि प्रत्येक मागणीला गावाने ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ द्यायची. दीर पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, ‘सोमजाई, यंदा सगळं बरं आहे. भात झालं. गुरं धड आहेत. पोरं आली आहेत. तुझं कसं काय?’ आणि मागे सरकले. ‘व्हय’ नेमकं कुठे म्हणायचं ते कोणालाच कळेना. ढोलवाल्याने उगाच एक टिपरू मारलं.

गावकीची बैठक त्याच संध्याकाळी बसली. एका शेतकऱ्याने मुद्दा मांडला तो सुरक्षेच्या शास्त्रातही बसणारा होता: ‘सगळा बरा हाय म्हनून तूच तिला सांगितलंस, आता ती राखन कशाला करंल? ती जाईल दुसऱ्या गावाला.’ त्यांची नव्वदीतली चुलती तर उठून त्यांच्या अंगावर गेली. ‘अरे मेल्या, आयशीकडं गेलेला पोर काय पायजे ता मागत नाय, तं काय हवापान्याचं बोलतंय? तुला काय आयशीनं जेवाया घालूच नये का?’ यावर दीर म्हणाले, ‘काकी, पोरगं फक्त भूक लागल्यावरच घरी येत असेल, तर आईला काय वाटत असेल?’ चुलती म्हणाली, ‘जेवाया तं येतंय नव्हं!’ पावसाळ्यानंतर बिबट्याने एक वासरू उचललं तेव्हा ते कोणाच्या नावावर जमा झालं, हे सांगायला नको. मान काढून घ्यायची भाषा झाली, पण चुलती सोडली तर दुसऱ्या कोणाला सगळं गाऱ्हाणं पाठ नव्हतं, आणि बाईने पुढे उभं राहायची रीत नव्हती. तेव्हा तोडगा निघाला की यांनी पुढे उभं राहून विचारपूस करायची आणि संकटं मागून चुलतीने सांगायची. देवस्थानात दोन खाती पडली. काम मात्र चाललं.

गेल्या वर्षी शिमग्याच्या तोंडावर वहिनींना चालताना धाप लागायला लागली. महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप खराब आहे, मुंबईला नेऊन ऑपरेशन करावं लागेल, आणि या वयात खात्री देता येत नाही. मी दवाखान्यात गेलो तेव्हा वहिनी उशीला टेकून बसल्या होत्या आणि दीर खोलीतली आग विझवायची नळकांडी तपासत होते. तिची मुदत संपली होती, त्यामुळे त्यांना जरा काम मिळालं होतं.

‘यांना सांगा हो भाऊ,’ वहिनी मला म्हणाल्या. ‘आयुष्यात एकदा तरी माझ्यासाठी सोमजाईकडे तोंड उघडा म्हणावं. माझे नवस झाले सगळे. आता स्वतःसाठी मीच कशी मागू?’

दीर नळकांडीकडे बघतच म्हणाले, ‘आता गेलो तर तिला वाटेल, हाही शेवटी कामासाठीच यायचा.’

‘वाटू दे की! मी मेले तर काय वाटेल तिला?’

दिरांनी नळकांडी परत भिंतीवर अडकवली. गेल्या पंधरवड्यात ते कुठल्याच देवळात गेले नव्हते, हे मला बहिणीने सांगितलं. ज्या माणसाने सुखात एक वार चुकवला नाही, तो संकट आल्यावर देवाला तोंड चुकवत होता. जगाची रीत याच्या बरोबर उलटी आहे, हे मी नोंदवून ठेवतो.

ऑपरेशन पालखी बसण्याच्या दुसऱ्या दिवशी ठरलं. वहिनींना मुलाबरोबर पुढे पाठवून दीर मानासाठी वाडीवर आले. सहाणेभोवती सगळी वाडी जमली होती. मुंबईकर मोबाइल वर धरून उभे होते. दीर पुढे झाले, हात जोडले आणि तसेच उभे राहिले. ‘सगळं बरं आहे’ म्हणता येत नव्हतं आणि दुसरं काही ते म्हणणार नव्हते. मोबाइल धरून मुंबईकरांचे हात दुखायला लागले. मग मागून चुलतीचा आवाज आला, काठी आपटत: ‘सोमजाय, ह्यो माझा पुतन्या येडा हाय. ह्येला मागाया येत नाय. ह्येच्या बायलीला उद्या कापतायत, तिला धडशी घरला आन गो, आन ह्येला अक्कल दे!’

‘व्हय म्हाराजा!’ गाव म्हणालं. इतक्या जोरात की पालखीवरची चवरी हलली. मी दिरांच्या शेजारी होतो. नंतर एसटीची वाट बघताना मी त्यांना म्हटलं, ‘तुम्हीही व्हय म्हणालात.’

‘सगळे म्हणत होते,’ ते म्हणाले. ‘एकट्याने गप्प राहणं बरं दिसत नाही.’

वहिनी बऱ्या झाल्या. श्रेय सर्जनचं, चुलतीचं की सोमजाईचं यावर वाडीत अजून एकमत नाही. दीर त्या चर्चेत भाग घेत नाहीत. परवा एका ओस दुपारी वाडीवर गेलो, तर ते देवळाच्या पायरीवर बसलेले. चपला पायातच. आत गेले तर आभार मानावे लागतील आणि आभार म्हणजे काम झाल्याची पावती, अशी त्यांची अडचण होती. शेवटी गेले. पाच मिनिटांनी बाहेर आले.

‘काय बोललात?’

‘हिला जिना चढताना अजून दम लागतो, एवढं सांगितलं.’

‘म्हणजे मागितलंत?’

‘मागितलं नाही. सांगितलं.’

चपला घालून ते खालच्या शेतांकडे बघत उभे राहिले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, ‘पूर्वी मी बोलायचो आणि देवी गप्प असायची. मला कधी काही वाटलं नाही. हल्ली ती गप्प राहिली की वाटतं.’