दाराच्या स्विचची एक ओळ

२०२४ साल. माझं वय अडुसष्ट, शिक्षण चौथी. सून रंजना दुसऱ्या दिवसापासून बोईसरच्या मशीन शॉपमध्ये सीएनसी लेथवर, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या लेथवर, ऑपरेटर म्हणून लागणार होती. मी तिथलाच जुना सेटर. सेटर म्हणजे मशीन लावून, पहिला जॉब, म्हणजे पहिला भाग, काढून ऑपरेटरच्या हाती देणारा.

रंजना प्रोग्राम शिकली ती इंटरनेटवरच्या फुकट गाइडवरून. हे गाइड कोणीही सुधारावं, अशी सोय आहे. बदल लिहून पाठवायचा, सांभाळणारा तो तपासून आत घेतो. मी सांगायचो, ती मोबाइलवर टाइप करायची. माझे दोन बदल घेतलेही होते. वर शाबासकीचा अंगठाही पाठवला होता.

गाइडात लिहिलं होतं, मशीनचं दार उघडं असेल तर मशीन चालू होत नाही. मी हसलो. दार लागलं की त्याची पट्टी स्विचमध्ये शिरते; आमच्याकडे ती पट्टीच काढून स्विचमध्ये खोचून ठेवतात. मशीनला वाटतं, दार लागलंय. दार उघडझाप करण्यात वेळ जातो ना!

रंजनाला सांगितलं, तर म्हणाली, "बाबा, ते तुमच्या जुन्या मशीनचं. नव्याला असं नाय. गाइडात लिवलंय."

म्हणजे माझा शब्द गाइडात गेल्याशिवाय तिचा हात सुरक्षित नाही. पाठवली ओळ: 'दाराचा स्विच स्वतः तपासा, तो निकामी केलेला असू शकतो.'

गाइड सांभाळणारा पुण्याचा, फार गोड. त्याने कळवलं, "दादा, स्विच निकामी करणं नियमबाह्य आहे. गाइडात लिहिलं तर शिकवल्यासारखं होईल."

मी लिहायला लावलं, "कुलूप लावा म्हटलं की चोरी शिकवली काय?"

त्याने आभार मानले आणि विषय बंद केला. पुण्यात बसून आमच्या दातिवऱ्याच्या खाडीतली होडी हाकणारे असेच आभार मानतात.

रंजना म्हणाली, "बघा, त्यांनीपण नाय घेतलं."

गाइड चुकीचं नव्हतं. ते फक्त बोईसरला कधी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यासोबत शॉपमध्ये गेलो. तिला हात पाठीमागे धरून उभं राहायला लावलं. दार सताड उघडलं, स्पीड कमी ठेवला आणि बटण दाबलं. जॉब पकडणारा चक गरगर फिरायला लागला. रंजना दोन पावलं मागे सरली. सुपरवायझर धावत आला, "चाचा, प्रोडक्शन रुकेगा." मी मशीन बंद केलं, स्क्रू-ड्रायव्हर मागितला आणि स्विचमधली पट्टी काढून दाराला परत बसवली.