मथुराबाईच्या भिंतीवरचं शेवाळ

आमच्या तामलवाडीत हिरवं सगळं पाण्यावर जगतं आणि पाणी तुटलं की मरतं. एक मथुराबाईच्या बैठकीतलं हिरवं मात्र पाण्यानंच बिघडायचं. हे समजायला गावाला वेळ लागला. मथुराबाईला लागला नाही.

मागच्या दसऱ्याला तिची लेक सोनाली पुण्याहून एक लाकडी चौकट घेऊन आली. चौकटीत शेवाळ. कुठं उशीसारखं फुगलेलं, कुठं गवतासारखं विस्कटलेलं, आणि मधून पांढऱ्या खड्यांची एक वाट. पावसाळ्यातला डोंगर कुणीतरी घडी घालून आणावा तसं. सोनाली पुण्यात ज्या कारखान्यात काम करते तिथं हेच बनवतात. डोंगरातलं शेवाळ औषधात मुरवायचं. त्याचा जीव जातो, पण रंग आणि मऊपणा मागं राहतो.

"ह्याला पाणी घालायचं नाही, ऊन दाखवायचं नाही, सारखा हात लावायचा नाही," सोनालीनं सांगितलं. "मऊ कुंचल्यानं धूळ काढायची, बास."

"म्हंजी सासूसारखं," मथुराबाई म्हणाली. "लांबूनच जपायचं."

सोनाली हसली नाही. तिच्या मनात दुसरंच होतं. महिन्यापूर्वीच, भादव्यात, मथुराबाईनं गॅसवर दूध ठेवलं आणि ती घरामागं परड्यात शेंगा निवडत बसली. दूध उतू गेलं, गॅस विझला, वास शेजारपर्यंत गेला. तेव्हापासून सोनालीचा एकच धोशा. घराला कुलूप लाव आणि पुण्याला चल.

"आई, एकटीनं राहायचं वय राहिलं नाही तुझं."

"वय कुणाचं राहतंय? ते आपलं पुढं चालतंय. म्या इथंच हाय."

मग सोनालीनं पैज टाकली. "ही चौकट पुढच्या दसऱ्यापर्यंत अशीच ठेवलीस तर मी पुण्याचं नाव काढणार नाही. खराब झाली तर कुलूप."

मथुराबाईनं पदर खोचला. "लाव खिळा," ती म्हणाली.

वर्ष सोपं गेलं असं नाही. चैत्रात आमच्याकडची हवा भाकरीसुद्धा परातीतच वाळवते. एका दुपारी कुंचला फिरवताना शेवाळाचा एक तुरा कडकन मोडून मथुराबाईच्या हातात आला. सगळा डोंगर पापडासारखा कडक झाला होता. दुसरी कुणी असती तर तिनं फोन केला असता, नाहीतर पाण्याचा हबका मारला असता. मथुराबाई तो तुरा तळहातावर घेऊन बसली.

ज्वारीचा कडबा दुपारी बांधला तर पानांचा चुरा होतो. म्हणून आमच्या बाया तो पहाटे बांधतात. रात्रभरच्या गारव्यानं पानं नरम पडतात, पेंढी मुकाट वळते. कडब्याला कुणी पाणी घालत नाही. त्याला नुसती ओली हवा पुरते. मथुराबाईनं जन्मभर कडबा बांधला होता. तिनं चौकट उतरवली आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत, रांजणापासून दोन हात लांब, तिवईवर टेकवून ठेवली. रांजणाखालची वाळू कायम ओली असायची. आठवडा झाला नाही तोच शेवाळ मांजराच्या पाठीसारखं मऊ झालं. मृग लागून हवा दमट झाली, शेवाळ बोटाला चिकट लागू लागलं, तशी चौकट परत बैठकीत आली. हे सगळं तिनं कुणाला विचारून केलं नाही आणि केल्यावर कुणाला सांगितलंही नाही.

नवरात्र आलं. वाशीहून नणंद हरणाबाई दरवर्षीसारखी घट बसवायला माहेरी आली. घट बैठकीतच बसतो, चौकटीच्या खाली. तिसऱ्या माळेला मथुराबाई देवीची ओटी भरायला तुळजापूरला गेली. घरी हरणाबाई एकटी. तिनं घटाला पाणी घातलं आणि तिची नजर वर गेली. घटाच्या दिवसांत घरातलं कुठलंच हिरवं तहानलेलं ठेवायचं नाही, ही या घराची जुनी रीत. हरणाबाईच्या आईनंच ती तिला शिकवलेली. हरणाबाईनं पाटावर चढून भरला तांब्या शेवाळावर ओतला.

मथुराबाई परतली तेव्हा पांढऱ्या भिंतीवर हिरवे ओघळ उतरले होते.

"वन्सं, ह्याला पाणी कुणी घातलं?"

"म्याच. तू जगदंबेला भेटायला जातीस आन् घरात झाड तहानलेलं ठेवतीस व्हय?"

"ते झाड न्हाय, वन्सं. ते मेलेलं हाय."

हरणाबाईनं तांब्या खाली ठेवला. "मेलेलं? आन् घटावर टांगलंय? धन्य हाय बाई तुमची!"

बोलण्यात वेळ घालवायला मथुराबाई थांबली नाही. चौकट उतरवून तिनं बाजेवर आडवी ठेवली. जुन्या धोतराचं धुतलेलं फडकं नुसतं वर पसरलं, दाबलं नाही. फडकं ओलं झालं की दुसरं.

"उन्हात ठीव की," हरणाबाई म्हणाली.

"मेथी उन्हात वाळवली तर काय होतंय?"

"पिवळी पडती."

"मग?"

हरणाबाईनंच उठून पंखा लावला. वीज गेली की दोघी आळीपाळीनं सुपानं वारा घालत. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी शेवाळ कोरडं झालं. डोंगर वाचला. खालचा एक कोपरा मात्र भाकरीएवढा फिका पडून बसला होता.

"झेंडूचा हार सोड त्यावर," हरणाबाई म्हणाली. "दसराच हाय. कुणाला कळतंय?"

"झाकायला ते काय चोरीचं हाय?" मथुराबाईनं चौकट होती तिथंच टांगली. भिंतीवरचे ओघळही तिनं पुसले नाहीत.

खंडेनवमीच्या संध्याकाळी सोनाली आली आणि पिशवी हातात तशीच धरून भिंतीपुढं उभी राहिली.

"आई, ह्यावर पाणी पडलं."

"पडलं. तिसऱ्या माळंला."

आतून हरणाबाई ओरडली, "म्या घातलं! तिला बोलू नगंस. कुलूप लावायचं तर माझ्या तोंडाला लाव!"

"त्या कुलपाची किल्ली कुणाकडं द्यायची, आत्या?" सोनाली म्हणाली आणि तिनं चौकट उतरवली. मागची फळी दाबून पाहिली, वास घेतला. फळी फुगली नव्हती, बुरशी नव्हती. "भिजलेली चौकट आमच्याकडं परत येते तेव्हा फेकूनच द्यावी लागते. तू काय केलंस?"

मथुराबाईनं सांगितलं. फडकं, सावली, सूप. मग चैत्रातला रांजणही सांगितला.

"पण पैजेत मी 'अशीच' म्हटलं होतं," सोनाली हळूच म्हणाली.

"म्हटलं हुतंस. कोपरा गेलाय, न्हाय म्हणत न्हाय म्या. पण पाणी कधी पडायचंच न्हाय असं घर तुझ्या पुण्यात तरी हाय का? पडल्यावर काय करायचं ते मला ठावं हाय. दुधाचं बी तसंच. त्या दिसापासनं दूध ठेवलं की ते उतरवेपतोर म्या गॅसम्होरनं हलत न्हाय."

सोनालीनं फिक्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. दसऱ्याला सकाळी तिनं पिशवीतून डागडुजीचं थोडं शेवाळ काढलं. मायलेकींनी मिळून कोपरा भरला. कुठला हिरवा कुठं शोभेल ते मथुराबाईनं बोटानं दाखवलं, डिंक सोनालीनं लावला.

चौकट भिंतीवर चढवून सोनाली मागं सरली. "फाल्गुन सरला की हिला रांजणाच्या खोलीत न्यायची ना?"

"व्हय. मृगापतोर तिथंच."

"तिवईवर कशाला? तिथं एक खिळा मारून जाते."

हरणाबाई तांब्या ठेवून उठली आणि हातोडी घेऊन आली.