गालाला टोचणारी लोकर

देवगाव रंगारीचे मुंजाबा सत्तरीतले मेंढपाळ. कळपामागं चालण्यात आणि घोंगड्या विणण्यात जन्म गेला. खुर्चीवर ते दोन मिनिटंही टिकत नाहीत.

त्यांच्या सुनेनं, रत्नमालानं, चाळीस घोंगड्यांची जपानची ऑर्डर मिळवली. पहिलीच. माल भारतातलाच, असा दाखला आमची व्यापारी संघटना देते. ते काम माझ्याकडे. 'लोकर आमच्याच मेंढ्यांची' या मजकुराखाली मुंजाबांनी सोमवारी अंगठा दिला.

मंगळवारी कार्यालय उघडायच्या आधीच ते दारात येरझारा घालत होते.

"सायेब, त्यो कागद माघारी द्या."

"का हो बाबा?"

"काळी लोकर कमी पडली व्हती. बाजारातून गठ्ठा आणला, त्यावर परदेशी शिक्का. कंच्या घोंगड्यांत गेली, ध्यानात नाय."

आम्ही चिकलठाण्याच्या गोदामात गेलो; रत्नमाला तिथंच माल भरत होती. मालाची गाडी दुपारी तीनला निघणार होती. रत्नमालानं मुंबईच्या एजंटाला फोन लावला. चाळीसात तीन नग कमी चालतील, चौथा कमी पडला तर ऑर्डर रद्द, असं त्यानं बजावलं.

मुंजाबा एकेक घोंगडी गालाला घासू लागले. "आपली टोचती. बाहेरची मऊ."

"जपानवाल्यांना मऊच आवडंल की, मामा!" रत्नमाला चिडली.

"मऊ पायजे तर गादी घ्यावी त्यांनी."

तीन मऊ निघाल्या. गाल लालभडक झाला. शेवटची घोंगडी त्यांनी या गालाला लावली, त्या गालाला लावली.

"गाल बधिर झाला. तू बघ गं."

रत्नमालानं माझ्याकडं पाहिलं. मी घड्याळाकडं. तिनं घोंगडी गालाशी धरली, बराच वेळ. मग ती त्या तीन मऊ घोंगड्यांवर टाकली.

"मऊ हाय."

फोन तिनंच लावला. "दादा, छत्तीसच निघतात." पलीकडचं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. "रद्द."

मुंजाबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "माझा कागद फाडा."

"फाडता येत नाही, फाइलला लागतो."

"मग अंगठा तरी खोडा."

मी अंगठ्यावर दोन आडव्या रेघा मारल्या. ते नीट निरखून गठ्ठ्याला टेकून बसले.

"आता बसले!" रत्नमाला म्हणाली. डोळे पुसून ती छत्तीस घोंगड्यांच्या घड्या घालू लागली. "साहेब, दाखल्याचा एक कोरा फॉर्म ठेवून जा. दुसरं गिऱ्हाईक बघते."