गोळीबंद पाकाचे लाडू

काही सांगण्यापूर्वी ते उजव्या तर्जनीचे नख वरच्या पुढच्या दातावर दोनदा वाजवीत. टिक्, टिक्. वर्ग शांत करण्यासाठी शिक्षक टेबलावर डस्टर आपटतात, तसा तो प्रकार होता. मग ते म्हणत, "विचारलं नाहीत, तरी सांगतो." त्यानंतर जे वाक्य येई, ते ऐकणाऱ्याच्या कित्येक वर्षे लक्षात राही.

आपल्याही इमारतीत असे एक गृहस्थ असतील. नसतील, तर आपण भाग्यवान आहात. किंवा ते गृहस्थ आपण स्वतःच आहात.

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत त्यांचे दार माझ्या दारासमोर होते. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, पत्नी वारलेली, एकुलती मुलगी बंगळुरूला. मी निवृत्त शिक्षिका आणि सोसायटीची सचिव. म्हणजे त्यांचे बोलणे ऐकून घेणे हे माझ्याकडे दोन्ही नात्यांनी आले होते.

दुसऱ्या मजल्यावरच्या सुलभाताई दिवाळीत सर्वांना फराळ देतात. एका वर्षी त्यांनी ताट पुढे केले. टिक्, टिक्. "विचारलं नाहीत, तरी सांगतो. या चकल्या इमारतीच्या पायात घातल्या असत्या, तर बिल्डरचं सिमेंट वाचलं असतं." सुलभाताई हसल्या आणि घरी जाऊन रडल्या.

आमची सोसायटी ज्या शेतावर उभी आहे, ते मूळचे तात्यांचे. तात्यांनी मोठी गाडी घेतली आणि पेढे वाटले. पेढा तोंडात टाकून समोरचे गृहस्थ म्हणाले, "जमीन विकून गाडी घेतलीत, तात्या. आता गाडी लावायला जमीन शोधताय." तात्यांनी उत्तर त्यांना दिले नाही, मला दिले. "दात हायेत तंवर बोलून घे म्हनावं त्याला."

माझ्या निवृत्तीनिमित्त सोसायटीच्या सभागृहात छोटा सत्कार झाला. मी चार पाने लिहून आणली होती, ती वाचली. टाळ्या संपत आल्या, तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला. "पस्तीस वर्षं शिकवलंत, बाई. मुलं किती सहनशील असतात, नाही?" सभागृह हसले. मी कागदाच्या चार घड्या केल्या आणि पर्समध्ये ठेवल्या. तो कागद मी अजून उलगडलेला नाही.

त्यांची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या अंध विद्यार्थ्यांसाठी ते पुस्तके मोठ्याने वाचून फोनवर ध्वनिमुद्रित करीत. रोज सकाळी दोन तास. समोरच्या दारातून मला ऐकू येई. आवाज स्वच्छ, प्रत्येक अक्षर सुटे. स्वभाव मात्र तिथेही सुटत नसे. मध्येच थांबून म्हणत, "या वाक्याचा कर्ता पळून गेलेला आहे. आपण त्याच्याशिवाय पुढे जाऊ." विद्यार्थ्यांना तेच आवडे म्हणतात.

हिरड्यांच्या आजाराने त्यांचे वरचे पुढचे सहा दात काढावे लागणार, असे ठरले तेव्हा त्यांनी माझ्यापाशी विषय काढला. डॉक्टरांनी कवळीचा मार्गही सांगितला होता. तो सोपा होता. "विचारलं नाहीत, तरी सांगतो. कवळीनं 'स'चा 'श' होतो. 'संसदे'ला 'शंशद' म्हणणारा माणूस त्या मुलांना राज्यघटना काय वाचून दाखवणार?" म्हणून त्यांनी इम्प्लांट निवडले. त्यांना दातांची गरज खाण्यासाठी नव्हती, वाचण्यासाठी होती. हे मला ठाऊक होते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

शस्त्रक्रिया समजायला सोपी आहे. जबड्याच्या हाडात धातूचे छोटे स्क्रू बसवतात. हाड त्यांना हळूहळू धरते. त्याला काही महिने लागतात. मग त्यांच्यावर दात चढतात. तोवर जागा रिकामी राहते, आणि तोवर सारे काही रोगी काय खातो यावर अवलंबून असते.

मुलगी आली, सहा दात निघाले, त्यांच्यासाठी चार स्क्रू बसले, तीन दिवसांनी तिला परत जावे लागले. जाताना तिने डॉक्टरांचा सूचनांचा कागद माझ्या हातात दिला. "मावशी, स्वयंपाकाच्या बाई पंधरा दिवस गावी गेल्यात. जरा लक्ष असू द्याल?" मी हो म्हटले. त्यांचा चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते, म्हणून तो कागद मीच त्यांना सावकाश वाचून दाखवला. पेज, मऊ भात, गार दूध. कडक, कुरकुरीत, कणीदार पदार्थ पूर्ण वर्ज्य. बोलणे कमीत कमी. मग तो फ्रिजला चिकटवला.

त्यांना काहीतरी म्हणायचे असावे. तर्जनी वर आली, सुजलेल्या ओठापाशी थांबली आणि परत खाली गेली. वाजवायला तिथे काही नव्हते. त्या क्षणी मला बरे वाटले. चांगलेच बरे वाटले.

संध्याकाळी जिन्यात सुलभाताई, तात्या आणि मी भेटलो. सुलभाताई म्हणाल्या, "भेटून यायला हवं, नाही का? आणि रिकाम्या हातानं कसं जायचं? माझ्या चकल्या आहेत की!" क्षणभर आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि मग जिना दुमदुमेपर्यंत हसलो.

"मी फुटाने आनतो," तात्या म्हणाले. "खारं."

"मी रव्याचे लाडू करते," मी म्हटले.

रव्याच्या लाडवाला एकतारी पाक लागतो. तो पुढे गेला की गोळीबंद होतो, आणि लाडू फोडायला बत्ता घ्यावा लागतो. मी गॅसपाशी उभी राहून पाक पुढे जाऊ दिला. वाटीतल्या पाण्यात थेंब टाकून गोळी टणक झाल्याची खात्रीही केली.

आमचा हिशेब असा होता, की हे डबे पाहून ते एक जळजळीत चिठ्ठी लिहितील, डबे परत करतील आणि फिटंफाट होईल. आम्ही तिघे त्यांच्या सोफ्यावर ओळीने बसलो. तीन डबे टेबलावर उघडले.

"संकोच करू नका हं, भाऊ," सुलभाताई म्हणाल्या. "घरचंच आहे."

त्यांनी तिन्ही डब्यांकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. वही ओढली आणि लिहू लागले. टोमणा वाचायला आम्ही तिघेही पुढे वाकलो. वहीत लिहिले होते: "विचारलं नाहीत, तरी लिहितो. आभार."

जिन्यात सुलभाताईंना हसू आवरेना. "अहो, त्यांना कळलंच नाही!"

"कळलं आसंल," तात्या म्हणाले. "पर चावायला दात कुटायत आता?"

दुसऱ्या दिवसापासून समोरच्या दारातून वाचनाऐवजी दुसरा आवाज येऊ लागला. खलबत्त्याचा. सकाळी एकदा, दुपारी एकदा. ते औषध कुटत असतील, असे मी स्वतःला सांगितले. माझ्या कुकरात दोन माणसांचा भात सहज होतो. तो मी रोज एका माणसाचा लावत होते.

बाराव्या दिवशी त्यांनी माझी बेल वाजवली. सूज पुन्हा आली होती, अंगात ताप होता. "बाई, येता का?" एवढेच म्हणाले, आणि त्यातही अर्धी हवा होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी बराच वेळ आत पाहिले. "टाक्यांच्या आत कडक कण गेलेत. पू झालाय. काका, काय खात होतात तुम्ही?"

त्यांची तर्जनी वर आली. ओठापाशी थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"मऊ भात," ते म्हणाले.

"कोण करून देत होतं?"

"शेजारी चांगले आहेत."

डॉक्टरांनी माझ्याकडे वळून, शाबासकी द्यावी तशी मान हलवली. पस्तीस वर्षे मी मुलांना खरे उत्तर द्यायला उभे केले. त्या दिवशी मी खुर्चीत बसून राहिले.

चारपैकी तीन स्क्रू काढावे लागले. हाड खराब झाले होते. तिथे पुन्हा बसवता येणार नव्हते. आता कवळी. रिक्षात ते बाहेर बघत होते. त्यांना विचारले गेले होते, आणि त्यांनी सांगितले नव्हते. असे माझ्या माहितीत एकदाच घडले.

त्या रात्रीपासून मी मऊ भात नेऊ लागले. ते ताटली रिकामी करत. त्याविषयी चांगले-वाईट काही म्हणत नसत.

जखम भरल्यावर कवळी आली. एका सकाळी समोर वाचन सुरू झाले. मी पोळी लाटायची थांबले. "शंशद," असे ऐकू आले. थांबले. पुन्हा, अधिक सावकाश: "शंशदेच्या दोन शभागृहांची..." पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा केवळ श्वास घेतल्याचा आवाज आला. त्यानंतर त्या घरातून वाचनाचा आवाज कधी आला नाही.

महिन्याभरात मुलगी येऊन त्यांना बंगळुरूला घेऊन गेली. ते निघाले तेव्हा मी दारात उभी होते. "येतो, बाई," म्हणाले. विचारलं नाहीत वगैरे काही नाही.

त्याच दुपारी वॉचमनने तिघांचे डबे घरोघर पोचवले. घासून पुसून लख्ख. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. सुलभाताई धावत खाली आल्या. "साखर घातलीय हो! म्हणजे राग नाही मनात." तात्यांच्याही डब्यात वाटीभर साखर निघाली. झाकण लावून ते म्हणाले, "चांगला म्हनाय लागंल आता मानसाला. लई वंगाळ झालं." माझ्या डब्यातही साखरच असणार. मी तो न उघडता फळीवर ठेवून दिला.

पुढे एक अंध मुलगी त्यांच्या दाराशी येऊन बेल वाजवत उभी राहिली. ते नाहीत म्हटल्यावर तिने विचारले, "मग राज्यघटनेचं पुढचं कोण वाचणार?" मी वाचीन, म्हटले. आता रोज सकाळी वाचते. एकदा तिला विचारले, "नीट होतंय ना?"

"बाई, तुम्ही स्वच्छ वाचता," ती म्हणाली. "पण काका मधेमधे बोलायचे."

तिला सोबत द्यायला त्या दिवशी मी लाडू केले. एकतारी पाकाचे. भरायला फळीवरचा डबा काढला आणि झाकण उघडले.

आत साखर नव्हती. फ्रिजवरचा तो सूचनांचा कागद होता. चार घड्या केलेला. कडक पदार्थांच्या ओळीखाली पट्टी धरून ओढावी तशी सरळ रेघ होती. शेरा मागे लिहिला असेल म्हणून मी कागद उलटला.

मागची बाजू कोरी होती.