कशाचे ते सांगू नका

पेढ्यांची ताटली पुढे आली की काका डावा तळहात उभा धरायचे आणि म्हणायचे, "घेतो. पण कशाचे ते सांगू नका." मग उजव्या हातानं पेढा उचलून तोंडात टाकायचे. चव घेत डोळे मिटायचे, पण कारण विचारायचे नाहीत.

बरकतपुऱ्यात ते आमच्या समोर राहत आणि वजिफ्याच्या दफ्तरात तहकिकातीचं काम करत. सरकारी नोकरीत असताना कुणी वारला, तर त्याच्या बायकामुलांना दरमहा वजिफा मिळे. घरात कुणी कमावतं झालं की ते दफ्तराला कळवायचं आणि वजिफा सोडायचा, असा कायदा होता. लोक नेमकं हेच कळवायला विसरत, म्हणून सरकारनं काका नेमले होते. जे दिसेल, जे कानावर येईल, ते त्यांनी लिहायचं. काका कायद्याचे पक्के असल्यामुळे काय पाहायचं आणि काय ऐकायचं याबाबत फारच काटेकोर होते.

कोपऱ्यावरच्या एका विधवा बाईंनी शिवणाचं यंत्र घेतलं, तेव्हा काका तहकिकातीला गेले. गेल्या गेल्या खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले आणि तसाच चहा प्यायले. पुढे मी विचारलं तर म्हणाले, "पाठीला डोळे दिलेत का सरकारनं?" असे एक-दोन सरकारी नोकर तुम्हीही पाहिले असतील. तुम्ही त्यांना आळशी म्हणाला असाल.

पोलीस अॅक्शन झाली, राज्य बदललं आणि दफ्तरातली उर्दू हळूहळू गेली. उर्दूत हयात घालवलेले काका संध्याकाळी आपल्या शाळकरी मुलीपुढे मांडी घालून ए, बी, सी गिरवू लागले. मुलगी रागवायची, हे समोरच्या घरात आम्हाला ऐकू यायचं. आमचे कान सरकारी नव्हते.

त्याच सुमारास मला सिकंदराबादेत रेल्वेच्या कचेरीत हंगामी नोकरी लागली. वडील नोकरीत असतानाच गेले होते आणि त्यांच्या वजिफ्यावर आई आम्हा भावंडांना सांभाळत होती. हंगामी माणसांना तेव्हा कधीही घरी पाठवत. आणि एकदा बंद झालेला वजिफा नव्या राज्यात पुन्हा सुरू झाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. म्हणजे नोकरी कळवली आणि मग ती गेली, तर दोन्हीकडून उपाशी. हे सगळं आईला मी नीट समजावून सांगितलं. तिनं मान डोलावली आणि पेढे घेऊन थेट समोर गेली.

"भावजी, अहो आपला हा..."

तळहात वर. "वहिनी, पेढा फार छान आहे."

"ऐकून तर घ्या."

"नक्को. माझ्या कानावर आलं की लिहावं लागतं."

आई फणकारत परत आली. "सख्ख्या शेजाऱ्याला पोराची नोकरी सांगायची नाही, हा कुठला कायदा?" तिला खरंच वाईट वाटलं होतं.

रोज सकाळी डबा घेऊन मी काचीगुडा स्टेशनकडे निघायचो आणि काका समोरून यायचे. मी दिसलो की ते आभाळाकडे बघायचे. एकदा आभाळाला उशीर झाला, तेव्हा भिंतीवरची नोटीस अगदी मन लावून वाचू लागले. नोटीस इंग्रजीत होती आणि काका अजून एच-आयपर्यंतच पोचले होते.

वर्षानं माझी नोकरी पक्की झाली. आईनं ते गल्लीभर केलं. दुसऱ्या दिवशी काका शेरवानी, टोपी घालून, बगलेत कागद घेऊन आमच्याकडे आले.

"वहिनी, गेल्या साली मी पेढे खाल्ले होते. कशाचे होते ते?"

वर्षभर जे सांगण्यासाठी आई तडफडत होती, ते आता तिच्या तोंडून निघेना. "सत्यनारायणाचा प्रसाद होता," ती म्हणाली.

"सत्यनारायणाला शिरा असतो, वहिनी."

मग आईनं सांगितलं आणि काकांनी कानावर आल्याची तारीख आजची घालून लिहून घेतलं. वजिफा त्या महिन्यात बंद झाला. कागद मिटून काका म्हणाले, "आता सांगून काहीतरी द्या." घरात पेढे नव्हते. आईनं त्यांच्या हातावर साखर ठेवली आणि "पोराला नोकरी लागली हो," असं पुन्हा सगळं सांगितलं. त्यांनी ते मान हलवत ऐकलं. त्या दफ्तरातला इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

काका नोकरीत असतानाच गेले. काकूंना वजिफा सुरू झाला. काही वर्षांनी त्यांची मुलगी हिमायतनगरच्या एका शाळेत शिकवायला जाऊ लागली, तीही हंगामीच. वर्षभर आमची अख्खी गल्ली सकाळी आभाळाकडे बघत होती.

मग एका दुपारी काकू पेढे घेऊन आल्या. मी सवयीनं डावा हात वर केला.

"खाली घ्या तो हात," काकू म्हणाल्या. "मुलगी पक्की झाली. आधी दफ्तरात सांगून आले, मग पेढे आणले. आमच्या घरात जन्मभर पेढे आले, पण कशाचे ते कधी कळू दिलं नाही ह्यांनी."

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. काकांच्या फोटोपुढे एक पेढा ठेवला होता आणि तो कशाचा, हे काकू त्यांना मोठ्यानं सांगत होत्या. मला काकांची फार आठवण आली. फोटोत त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते.