मीराच्या पट्ट्याचे बटण

ज्या शाळेतली बहुतेक मुले बोलत नाहीत, तिथे इतके किस्से साठतात कसे, हे मला पहिली काही वर्षे उमगले नाही. मुले गप्प असतात, म्हणून मोठ्यांचे बोलणे स्पष्ट ऐकू येते, एवढेच. म्हैसूरच्या अग्रहारातल्या आमच्या विशेष शाळेत मी उच्चार शिकवतो. ऐकणे हे माझे कामच आहे.

*

पूर्वी आमच्याकडे एक तज्ज्ञ येत. मूल किंचाळले की जिभेवर लिंबाचा थेंब सोडायचा, हा त्यांचा उपाय. आठवडाभरात सदाशिव दुप्पट किंचाळू लागला. तज्ज्ञांनी थेंब वाढवले. शेवटी त्याची आई संकोचून म्हणाली, "साहेब, त्याला लिंबू फार आवडतं. सर्दी होते म्हणून घरी देत नाही."

*

तेव्हापासून मुख्याध्यापिका शारदाबाईंचा नियम: मुलावर करायचा उपाय आधी मोठ्यांवर. बाईंचे घराणे म्हैसूरच्या जुन्या मराठी शिपायांचे. त्यांच्या मराठीत कन्नड मिसळलेले असते, आणि मी शुद्धतेचा आग्रह धरला की त्या चहा निवेपर्यंत हसतात.

शहराबाहेर हिनकलला राहणारे कुलकर्णी, मूळचे पुण्याचे अभियंते, एकदा मनगटी पट्टा घेऊन आले. त्यांची नऊ वर्षांची मीरा स्वतःच्या कपाळावर ठोसे मारते. नुकतेच भुवईवर टाके पडले होते. तिने हात उगारला की रिमोटचे बटण दाबायचे, पट्ट्यातून विजेचा झटका बसतो.

"मुंगी चावल्यासारखं वाटतं, बस," कुलकर्णी म्हणाले.

"सुम्ने, उगाच मुंगी म्हणू नका हो," बाई म्हणाल्या. "अगोदर तुम्हाला चावू दे."

बाईंनी पट्टा त्यांच्याच उजव्या मनगटावर बांधला. कुलकर्णींना पाय हलवण्याची सवय. पाय हलला की बाई बटण दाबत. तिसऱ्या झटक्यानंतर पाय थांबला. बाई टेबलाखाली वाकल्या.

"रावसाहेब, हा दुसरा पाय हलतोय तो कुणाचा?"

*

मग आम्ही सर्वांनी पट्टा बांधून पाहिला. माझ्या तोंडून त्या वेळी निघालेला शब्द बाईंनी लिहून ठेवला आहे. पाहुण्यांना दाखवतात.

*

तरी कुलकर्णींचा प्रश्न खराच होता. "मॅडम, उद्या तिचा डोळा गेला तर?"

बाईंनी संमतिपत्र त्यांच्यापुढे सरकवले. "सही करा. पट्टा मी बांधते. बटण दाबणार कोण?"

कुलकर्णींनी रिमोट शेजारी मीराला घेऊन बसलेल्या पत्नीकडे दिला. पत्नीने तो माझ्याकडे दिला. मी तातडीने बाईंकडे. बाईंनी, न पाहताच, उप्पिट घेऊन आलेल्या स्वयंपाकीण नंजम्माकडे. नंजम्माने हात पुसले आणि विचारले, हे कुणाचं?

"मीराचं," मीराची आई म्हणाली.

"तगो मगळे," घे पोरी, म्हणत नंजम्माने तो मीराच्या हातात दिला.

मीराने बटणावर अंगठा ठेवला आणि वडिलांकडे पाहिले. पट्टा टेबलावर मोकळाच पडला होता. तरी कुलकर्णींनी उजवा हात हळूच पाठीमागे नेला. सहीसाठी उघडलेले पेन त्याच हातात होते.