सोळाव्या भागातली सहा मिनिटं

शुक्रवारी दुपारी पावणेएकला मी एका मालिकेच्या शेवटच्या भागाचा रिलीज थांबवला. स्क्रीनवर सगळ्या खुणा हिरव्या होत्या, कुणाची काही तक्रार नव्हती, आणि माझ्या प्रोबेत्साइटचे सोळा दिवस उरले होते. प्रोबेत्साइट म्हणजे जर्मन नोकरीतले पहिले सहा महिने. या काळात कंपनी दोन आठवड्यांची नोटीस देऊन, कारणही न सांगता, माणसाला घरी पाठवू शकते. 'स्टॉप'चं बटण आमच्याकडे कुणीही दाबू शकतं. पण प्रोबेत्साइटमधल्या माणसाने ते आजवर दाबलेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तरी मी दाबलंच असतं, असं आता म्हणायला माझं काय जातं.

मी हॅम्बर्गमधल्या एका स्ट्रीमिंग कंपनीत टेस्टर आहे. परदेशी मालिका लोकांच्या टीव्हीवर जाण्याआधी आमच्याकडे येतात. आवाज नीट आहे का, सबटायटल्स वेळेवर येतात का, चित्र कुठे अडकत नाही ना, हे आम्ही बघतो. यातलंच एक काम मार्करचं, म्हणजे खुणांचं. 'मागील भागात काय झालं' हा जो तुकडा असतो, त्याला आम्ही रीकॅप म्हणतो. एकामागून एक भाग बघत बसणाऱ्याला तो नको असतो, म्हणून आमचा प्लेअर तो आपोआप गाळतो. तो कुठून कुठपर्यंत आहे याच्या खुणा सॉफ्टवेअर लावतं. नव्या भागातली चित्रं आणि आवाज ते जुन्या भागांशी ताडून बघतं. जुळलं की रीकॅप. पक्की खात्री असली की खूण हिरवी. आणि हिरवी खूण माणसाने परत तपासायची नाही, असा नियम.

आमच्या यादीप्रमाणे प्रत्येक भागाची सुरुवातीची दोन मिनिटं, मधली दोन आणि शेवटची दोन बघितली की पुरे. मी आख्खा भाग बघायचे. बारा वाजले की सगळा मजला एकमेकांना 'माह्लत्साइट', म्हणजे जेवणाच्या शुभेच्छा, म्हणत कँटीनला निघायचा, आणि मी डबा उघडून टेबलापाशीच बसायचे. पुण्यात बारा वर्षं बँकेच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग केलेलं. अर्धवट बघून सही करायची म्हटलं की माझा हात आखडतो. आमची टीम लीड उटे एकदा म्हणालीही, "मेधा, इथे सगळे बरोबर जेवतात. तू एकटी बसतेस, ते बरं दिसत नाही." मी "हो, हो" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सातवा भाग लावला.

खरं सांगायचं तर मालिकेनेच मला धरून ठेवलं होतं. कोरियन मालिका, विषय सूड. एका मोठ्या हॉटेलात स्वयंपाकीण असलेल्या बाईवर मालकीण अंगठी चोरल्याचा आळ घेते. भर मेजवानीत, पाहुण्यांसमोर, तिला गुडघे टेकून माफी मागायला लावते. अंगठी मालकिणीच्या मुलानेच घेतलेली असते, आणि मालकिणीला ते ठाऊक असतं. स्वयंपाकिणीची मुलगी दारात उभी राहून हे सगळं बघते. पुढे ती मोठी होते, नाव बदलते आणि एक एक पायरी चढत ते हॉटेलच ताब्यात घेते. आपल्याकडे एवढ्यात तीन वर्षं आणि चार लग्नं झाली असती. इथे सोळा भागांत आटोपलं.

तर त्या शुक्रवारी सोळावा, शेवटचा भाग. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो लोकांना दिसणार होता. चौथ्या मिनिटाला नायिका त्याच हॉलच्या दाराशी येते. दार ढकलते. आणि पुढच्याच क्षणी मालकीण गाडीत मागे बसलेली, केस विस्कटलेले, नजर शून्यात. मी घास हातात धरून बसले. मधलं कुठे गेलं? पंधरा भाग ज्याची वाट बघितली तेच गायब.

फाइल खराब असेल म्हणून मी मूळ फाइल उघडली. ती ठणठणीत होती. मधली सहा मिनिटं आमच्या प्लेअरने गाळली होती, रीकॅप म्हणून. त्या सहा मिनिटांत होतं काय, तर मुलीने तीच मेजवानी पुन्हा मांडली होती. तोच हॉल, तेच पडदे, पियानोवर तीच धून, त्याच खुर्च्यांवर म्हातारे झालेले तेच पाहुणे. कॅमेरासुद्धा पहिल्या भागात जिथे होता तिथेच. मधेमधे पहिल्या भागातले तुकडेही पेरलेले. फक्त या वेळी गुडघ्यांवर मालकीण होती. सॉफ्टवेअरने बघितलं, सगळं जुळतंय म्हटलं आणि हिरवी खूण करून मोकळं झालं.

शुक्रवारी एकला रिलीज बंद होतो, म्हणजे मग कुणालाही त्यात हात घालता येत नाही. मी नवऱ्याला फोन केला. तो विमानांच्या कारखान्यात आहे, त्याला नियमांचं कळतं. म्हणाला, "अगं, सोळा दिवस राहिलेत. सही कर आणि ये घरी." मी बरं म्हणून फोन ठेवला आणि बटण दाबलं.

पाच मिनिटांत उटे हजर. मागोमाग टॉर्स्टन. ते सॉफ्टवेअर त्याने लिहिलेलं. त्याने खांद्याला बॅग आधीच अडकवली होती.

"कुठे बिघडलंय?" त्याने विचारलं.

"बिघडलेलं नाही. रीकॅप नसताना रीकॅप म्हणतंय."

त्याने दोन्ही भाग शेजारी शेजारी लावले. हॉल, पडदे, खांब. "गेनाऊ, अगदी तेच आहे. मला तर बरोबर वाटतंय."

"खाली कोण बसलंय ते बघ."

त्याने वाकून बघितलं. "जमिनीवर एक बाई. इथेही जमिनीवर एक बाई."

मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. त्याने मालिकेचा एकही भाग बघितलेला नव्हता. मजल्यावर दुसऱ्या कुणीच बघितलेला नव्हता. एवढ्या माणसांत ती बाई कोण, हे माहीत असलेली मी एकटी होते.

उटे मला म्हणाली, "तू हे फॅन म्हणून सांगतेस की टेस्टर म्हणून?"

"मार्कर चुकलाय हे टेस्टर म्हणून सांगते. तो चुकलाय हे मला कळलं, ते फॅन असल्यामुळे."

"आल्झो, ठीक आहे, मला कारण लेखी लागेल."

"लेखी देते. आधी दहा मिनिटं बस."

आपल्या बॉसला बस म्हणणं मला पुण्यात जमलं नसतं. मी पहिल्या भागातला प्रसंग लावला, चार मिनिटांचा. मग सोळाव्या भागातली सहा मिनिटं. मालकिणीने गुडघे टेकले तशी उटेने हातातला कॉफीचा कप खाली ठेवला. टॉर्स्टनने खांद्यावरची बॅग काढली आणि विचारलं, "मग ती माफ करते का?"

"पंधरा भाग बघ, मग सांगते," मी म्हटलं.

उटे उठली. "हा प्रसंग गाळून मालिका गेली असती तर सोमवारी मला लोकांना काय सांगावं लागलं असतं? टॉर्स्टन, खूण काढ."

आमच्याकडे जो बदल करतो त्याने सही करायची नसते, दुसऱ्या डोळ्यांनी तपासायचं असतं. टॉर्स्टनने खूण काढली, मी भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितला, उटेने माझ्या सहीखाली सही केली. रिलीज उघडायला तिने वरून परवानगी आणली. शनिवारी संध्याकाळी शेवटचा भाग ठरल्या वेळी गेला, सहा मिनिटांसकट. मी घरी सोफ्यावर बसून तो पुन्हा बघितला. मला स्वतःचा अभिमान वाटत होता आणि मी तो नवऱ्यापासून लपवला नाही. त्याने निमूटपणे चहा केला.

सोमवारी टॉर्स्टनने जुन्या मालिका चाळल्या. सॉफ्टवेअरने हाच पराक्रम आधी दोनदा केला होता. एका मालिकेबद्दल प्रेक्षकांनी कळवलंही होतं की गोष्ट मधेच उडी मारते. आम्ही त्यांना आपलं इंटरनेट तपासा असं उत्तर पाठवलं होतं. टॉर्स्टनने हे सगळ्या टीमसमोर स्वतः वाचून दाखवलं आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणाला, "निश्ट श्लेष्ट." म्हणजे वाईट नाही. उत्तर जर्मनीत याहून मोठी शाबासकी मी अजून ऐकलेली नाही.

सोळा दिवसांनी नोकरी पक्की झाल्याचं पत्र आलं. त्याच आठवड्यात यादीत एक नवं कलम आलं: शेवटचा भाग पूर्ण बघावा, आणि आधीचे सगळे भाग बघितलेल्या माणसानेच बघावा. मसुदा माझा, सही उटेची.

नव्या आलेल्या टेस्टरना मी आता एकच गोष्ट सांगते. खूण हिरवी दिसली की आधी विचारा, हे कुणी बघितलंय का? बहुतेक वेळा सगळ्यांना वाटत असतं की दुसऱ्या कुणीतरी बघितलंय.